लेकराजवळ कोण होतं?

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची ती गोष्ट मी कळंब-येरमाळ्याकडच्या कितीतरी कार्यक्रमांत माइकवर सांगितली आहे. दिवस भरलेल्या विठाबाई बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत येऊन नाचू लागल्या. इथे टाळ्या पडतातच. ‘कलेवर निष्ठा असावी तर अशी,’ हे माझं पुढचं वाक्य. ते मी मनापासून म्हणत असे. आता म्हणत नाही.

चोराखळीकडच्या कलाकेंद्रात पूर्वी नाचलेल्या एका बाईंनी कार्यक्रम संपल्यावर मला गाठलं. “सर, मग लेकराजवळ कोण हुतं?” मला सांगता येईना. त्या स्वतःचंच सांगत राहिल्या. घुंगरांचं ओझं, रात्र-रात्र चालणाऱ्या बैठका, कामातून गेलेले गुडघे. बाळंतपणानंतर अंग भरून यायच्या आत उभं राहावं लागलं, कारण उचल घेतलेली होती. कला हा शब्द त्यांच्या बोलण्यात एकदाही आला नाही.

विठाबाईंचा फड त्यांच्या नावावर चालायचा. ढोलकीवाला, सोंगाड्या, राहुट्या ठोकणारे गडी, सगळ्यांच्या चुली त्यांच्या पायांवर पेटत. नाव जेवढं मोठं, तेवढी आजारी पडायची मुभा कमी. जाहिरातीतली बाई बोर्डावर आली नाही तर पब्लिक कनात फाडतं, हे तमाशात कुणाला शिकवावं लागत नाही. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाले. २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. पुढे सरकारने त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

त्यांना नाचायचंच होतं, हेही खरं. ती ओढ नाकारली तर त्यांचा अपमान होईल. पण त्याच देहात नाइलाजही होता, आणि त्यालाही मी निष्ठाच म्हणत आलो.

गोष्टीचा एक भाग मी कायम घाईत उरकायचो. उतरलेलं पोट पाहून प्रेक्षकांना काय झालं ते उमगलं आणि त्यांनीच खेळ थांबवायला लावला. आता मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच बोलतो. त्या रात्री पब्लिकला जे सुचलं ते आपल्या जत्रा कमिट्यांना का सुचू नये? सुपारी ठरवतानाच बोला: बाई आजारी पडली तर पैसे कापायचे नाहीत, बदलीची कलावंत चालेल, आणि लेकुरवाळ्या बाईसाठी राहुटीत वेगळी जागा ठेवायची.