साबुदाण्याच्या डब्याखालचं कात्रण

मैत्रिणींनो, तुमच्याही स्वयंपाकघरात एखादा डबा असेलच, की ज्याच्याखाली काय दडलंय ते फक्त तुम्हालाच ठाऊक! माझ्या साबुदाण्याच्या डब्याखाली दोन महिने एक कात्रण पडून होतं. पुण्यातल्या एका संस्थेला संगणकशास्त्राच्या प्रकल्पासाठी संशोधन सहायक हवे होते.

आम्ही राहतो मुळशी तालुक्यात, पिरंगुटला. एका अंगाला हिंजवडीच्या आयटी कंपन्या, दुसरीकडे लवळ्याच्या टेकडीवर विद्यापीठ. मी एम.सी.ए. झालेली, पण मुलाच्या वेळी नोकरी सोडली, त्याला सात वर्षं झाली.

एक दिवस ते कात्रण नेमकं सासूबाईंच्या हाती लागलं. म्हटलं, आता काही खरं नाही! पण त्या म्हणाल्या, "माझ्या आजीचं गाव मुळशीच्या धरणात गेलं. १९२१ साली सेनापती बापटांनी एवढा सत्याग्रह केला, तरी धरण झालंच आणि वीज गेली मुंबईला. आता दाराशी विद्या आली आहे, तीही दुसऱ्यांनीच न्यायची का?"

गेले मुलाखतीला. "सात वर्षं काय केलंत?" या प्रश्नाला माझी मान खाली गेली. निवड झाली नाही ती माझ्याच तयारीअभावी. पण बाहेर भेटलेल्या एका संशोधक बाईंनी मला खूप काही समजावलं, तेच तुम्हाला सांगते.

प्रकल्पावरची जागा प्रकल्पाचा पैसा असेतोवरच. तेव्हा मुदत किती आणि पीएच.डी.ला नाव नोंदवता येईल का, हे आधी विचारून घ्यावं. त्यापेक्षा 'नेट' परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर भक्कम. २०२३पासून पहिली दोन वर्षं तिचे महिना ३७,००० रुपये झाले. तिला वयाची अट ३० वर्षांची, पण बायकांना ५ वर्षांची सूट आहे. पीएच.डी.च्या २०२२च्या नियमांत बायकांना मुदतीत २ वर्षं जास्त आणि बाळंतपण-संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

मी आज ३३ वर्षांची. म्हणजे हाताशी दोनच वर्षं! परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरमध्ये होते. मनात बोटं मोजली, तर चार संधी. त्यातली एक हुकली, थोडक्या गुणांनी. त्या रात्री मी मुकाट्यानं भांडी घासत बसले. सासूबाई जवळ येऊन एवढंच म्हणाल्या, "उद्यापासून सकाळचा डबा माझ्याकडे."

आता पहाटे पाच ते सात मी पुस्तकं घेऊन बसते. हे चहा करतात (पाणचट होतो, पण पिते!). यश येईल न येईल, मात्र पुन्हा कुणी विचारलं, "सात वर्षं काय केलंत?" तर मान वर करून सांगेन, "घर उभं केलं. आता पुढचं बोला."

तुमच्या डब्याखाली काही आहे का? असेल तर आजच काढा. वयाची अट आपल्यासाठी थांबत नाही, बरं का!