एकानंही मागं राहायचं नाही!

मैत्रिणींनो, घरच्या मंडळींबरोबर यात्रेला निघायचं ठरलं की तुम्ही सगळ्यांत आधी काय करता? बॅगा काढता? चिवड्याचे पोहे निवडायला घेता? छे! मी सांगते. तुम्ही स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयसमोर उभ्या राहता आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं बोटांवर दिवस मोजता. हसलात ना? मग माझी गोष्ट तुम्हांला कळायला वेळ लागायचा नाही.

गोष्ट जुनी आहे, 1984 च्या डिसेंबरातली. माझ्या लग्नाला पाच वर्षं झाली होती, मुलगा तीन वर्षांचा होता. आदल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या धाकट्या भावोजींना टायफॉइड झाला होता. ताप उतरायचं नाव घेईना. सासूबाई रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत. अशाच एका रात्री त्या गणपतीला बोलून गेल्या, "हा बरा होऊ दे. सगळं घर घेऊन अष्टविनायक करीन. एकानंही मागं राहायचं नाही!"

भावोजी बरे झाले. नवस फेडायचा ठरला. बारा माणसं, भाड्यानं घेतलेली मॅटाडोर, चार दिवस. सासूबाई, मामंजी, आत्याबाई, थोरले भावोजी, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही तिघं, वन्सं आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते धाकटे भावोजी.

निघायच्या आधी आठ-दहा दिवसांची गोष्ट. दुपारची झाकपाक झाल्यावर सासूबाईंनी आम्हां तिघींना, म्हणजे जाऊबाईंना, मला आणि वन्संना, स्वयंपाकघरात बोलावलं. दार लोटून घेतलं आणि प्रत्येकीच्या हातावर एकेक पुडी ठेवली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणलेल्या, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या! चिठ्ठी नाही की डॉक्टर नाही. "उद्यापासून सुरू करा. परत येईपर्यंत एकही चुकवायची नाही. नवस आहे, घोळ नको," एवढंच त्या म्हणाल्या. हळदीकुंकवाला वाण द्यावं तशी ती पुडी आमच्या हाती आली आणि आम्हीही ती तशीच मुकाट्यानं घेतली.

पण मला त्या गोळ्यांची ओळख होती. 1982 साली पुतण्याच्या मुंजीत मी त्या घेतल्या होत्या. मला मुळात अर्धशिशीचा त्रास. त्या वेळी डोळ्यांपुढं ठिणग्या नाचू लागल्या, अर्धं डोकं कुणी घणानं ठोकतंय असं झालं, पोटात पाणी ठरेना. मुंजीच्या दिवशी सगळं घर मांडवात आणि मी माळ्यावरच्या खोलीत अंधार करून पडलेली! नंतर आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, "तुम्ही पुन्हा या गोळ्यांना हात लावायचा नाही."

हे मी सासूबाईंना सांगितलं होतं का? नाही. घरात फक्त आमच्या ह्यांना ठाऊक होतं. त्या रात्री ह्यांना म्हटलं, तर हे कूस बदलून म्हणाले, "चार दिवसांचा तर प्रश्न आहे. आईचं मन कशाला मोडतेस?" बारा माणसांच्या यात्रेत माझं डोकं म्हणजे काय, एक बारीकशी अडचण!

मग मी काय केलं असेल? भांडले? समजावून सांगितलं? काही नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी "घेतलीस ना?" म्हणून विचारलं, तेव्हा मी "हो" म्हटलं. आणि गोळी मोरीत टाकली. रोज टाकत गेले. माझी तारीख यात्रेच्या शेवटच्या दिवसाची होती. एखादा दिवस पुढं सरकली की सुटलेच, असा माझा हिशेब! देवाच्या यात्रेला मी अशी खोटं बोलून निघाले.

सासूबाईंचा कडकपणा काय सांगू! सुरुवात मोरगावपासूनच आणि शेवटही मोरगावलाच. पहाटे चारला सगळ्यांनी उठायचं, सगळ्यांनी गार पाण्यानं आंघोळ करायची, दर्शनाआधी कुणीही चहा घ्यायचा नाही. वन्संनी पिशवीत पंजाबी ड्रेस घातला होता, तो घरीच काढून ठेवायला लावला. "सगळ्या साडीत, तर तूच का वेगळी?" हा सवाल! सगळ्यांनी, सगळ्यांसारखं. पहिल्या दिवसापासून जाऊबाईंचा चेहरा उतरलेला होता. "गाडी लागते गं मला," एवढंच त्या म्हणत.

तरी खोटं कशाला बोलू, पहिला दिवस फार सुखाचा गेला. सिद्धटेकला जायला मॅटाडोर अलीकडच्या काठाला ठेवून आम्ही होडीनं भीमा ओलांडली. मुलं पाण्यात हात घालून खिदळत होती. सिद्धटेकचा गणपती उजव्या सोंडेचा, सोवळं कडक. टेकडीला वळसा घालणारी तिथली लांबलचक प्रदक्षिणा सासूबाईंनी धाकट्या भावोजींचा हात धरून पुरी केली. त्यांचा तो चेहरा मी आजही विसरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी रांजणगाव झालं, ओझरचं दर्शन झालं. ओझरहून मॅटाडोरमध्ये बसताना माझ्या लक्षात आलं. दोन दिवस आधीच! माझे हातपाय गार पडले. पुढचा मुक्काम लेण्याद्री.

लेण्याद्रीचा गिरिजात्मज डोंगरात कोरलेल्या बौद्ध लेण्यांपैकी एका लेण्यात आहे. वर जायला तीनशेच्या आसपास पायऱ्या. पायथ्याशी सगळे उतरले. चपला काढून ठेवल्या, नारळ हातात घेतले. गप्प राहिले असते, तर कुणाला कळणार होतं? असं गप्प राहून पायऱ्या चढलेल्या बायका मला पुढं कितीतरी भेटल्या. पण आधीच एक खोटं पोटात होतं. त्यावर दुसरं चढवायची माझी छाती झाली नाही. मी सासूबाईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं.

"आणि गोळ्या?"

"नाही घेतल्या, आई."

मला वाटलं होतं, त्या संतापतील. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मोठ्यानं म्हणाल्या, "नवस मोडलास तू! आता त्याला काही झालं तर?" आणि त्यांनी धाकट्या भावोजींकडे बोट केलं. ते माझ्याच मुलाला खांद्यावर घेऊन पहिल्या पायरीवर उभे होते. सगळ्यांनी ऐकलं. ड्रायव्हरनंसुद्धा. आमचे हे दुसरीकडेच बघत होते.

मंडळी वर गेली. मी झाडाखाली एका दगडावर बसले. माझ्या मनात आलं, आठ गणपतींमध्ये आईच्या नावानं ओळखला जाणारा हा एकटाच. गिरिजात्मज, गिरिजेचा मुलगा. पुत्र व्हावा म्हणून पार्वतीनं इथंच तप केलं असं सांगतात. वर एक आई आपल्या मुलासाठी धास्तावून हात जोडत होती. आणि खाली मी, आईच की! कुणाचं काही वाईट चिंतलं नव्हतं, तरी गुन्हेगारासारखी बसले होते.

अर्ध्या तासानं बघते तर जाऊबाई एकट्याच खाली येताहेत. कठड्याला धरून, पदर तोंडाला लावून. निम्म्या पायऱ्याही झाल्या नव्हत्या, तोच त्यांना उलटी झाली होती. मी धावत जाऊन त्यांना आणून बसवलं, पाणी दिलं.

"गाडी नाही गं लागत मला," त्या म्हणाल्या, "गोळ्या लागताहेत. पहिल्या दिवसापासून असंच होतंय."

मग थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, "तू खरंच टाकून दिल्यास?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस? मीही टाकल्या असत्या."

मैत्रिणींनो, सासूबाईंचे शब्द झोंबले होते, पण हे शब्द वर्मी लागले. मुंजीच्या वेळी माझ्या उशाशी बसून माझं डोकं चेपलं होतं ते याच जाऊबाईंनी. आणि मी मात्र स्वतःपुरती पळवाट काढून मोकळी झाले होते! त्या दिवशी स्वयंपाकघरात मी तोंड उघडलं असतं, तर कदाचित त्यांनीही उघडलं असतं. कदाचित वन्संनीही. आम्ही तिघी होतो. पण प्रत्येकीला वाटलं, बाकीच्या दोघींना चालतंय, मग मीच का वेगळी?

पुढची यात्रा कशी झाली ते काय सांगायचं! रात्री मुक्कामावर मी बाजूला, ताट लांबून सरकवलेलं. थेऊर, महड, पाली आणि शेवटी पुन्हा मोरगाव. सगळीकडे मी मॅटाडोरमध्ये. घरी आल्यावर महिना-दीड महिना सासूबाई माझ्याशी कामापुरतंच बोलत. भावोजींना साधी शिंक आली तरी आधी माझ्याकडे बघत. भावोजींना काही म्हणजे काही झालं नाही. आज ते दोन नातवंडांचे आजोबा आहेत!

आता मी त्या नजरेकडे वेगळ्या डोळ्यांनी बघते. टायफॉइडच्या त्या रात्री मी पाहिल्या होत्या. बारा माणसांना एका माळेत ओवायचा त्यांचा हट्ट अधिकार गाजवण्यासाठी नव्हता. एक मणी सुटला, तर मुलगा हातचा जाईल, अशी भीती त्यांना होती. हे मला तेव्हा कळलं असतं, तर मी "मला नाही जमणार" एवढंच म्हणून थांबले नसते. डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगितलं असतं, गणपतीला आणखी काय बोलता येईल ते त्यांनाच विचारलं असतं. निदान तारीख आठ दिवस पुढं ढकलायला सांगितलं असतं. मॅटाडोरवाल्याला काय, कोणताही दिवस सारखाच!

1995 साली थोरल्या पुतणीचं लग्न निघालं. तारीख अडचणीची होती. आत्याबाई लगेच म्हणाल्या, "गोळ्या द्या की तिला." तेव्हा सासूबाई निवडत होत्या ती मेथी बाजूला ठेवून म्हणाल्या, "आधी डॉक्टरला विचारा. आमच्या घरात दोघींना त्रास झालाय." दोघींना! जाऊबाईंचं त्यांना कुणी सांगितलं, कधी सांगितलं, मला ठाऊक नाही. त्या विषयावर आमच्यात पुन्हा कधीच बोलणं झालं नाही. पण त्या एका शब्दात मला माझं सगळं मिळालं.

तुमच्या माहितीसाठी चार गोष्टी सांगून ठेवते. या गोळ्या संप्रेरकाच्या असतात, साध्या डोकेदुखीच्या नव्हेत. बहुधा पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी त्या सुरू करतात, आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. मळमळ, डोकेदुखी, छाती दुखरी होणं असा त्रास काहींना होतो. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली, यकृताचं दुखणं असलेली, अर्धशिशीची किंवा दिवस राहिल्याची शंका असलेली, अशा कुणीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. गोळ्या चालू असताना पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, दम लागला किंवा डोळ्यांपुढं अंधारी आली, तर गोळ्या थांबवून तडक डॉक्टर गाठावा. जाऊबाईंची पुडी माझ्या तोंडात चालत नाही, हे एवढंच लक्षात ठेवलंत तरी पुरे.

सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. 2019 साली आम्ही पुन्हा अष्टविनायक करायचं ठरवलं. या वेळी मुलगा, सून, नातवंडं आणि टेम्पो ट्रॅव्हलर. एके दिवशी पोळ्या लाटता लाटता सूनबाई म्हणाली, "आई, माझी तारीख त्याच दिवसांत आहे. मी येणार आहे, पण गोळ्या घेणार नाही. आधीच सांगून ठेवते."

खरं सांगू? "दोन दिवस घेऊन बघ की" हे शब्द माझ्या अगदी जिभेच्या टोकावर आले होते! माझ्या! पुडी हातावर ठेवणारे हात किती सहज आपले होतात, बघा. मी तव्यावरची पोळी उलटली आणि म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. ये तू."

ती आली. लेण्याद्रीच्या पायथ्याशी मी गुडघ्यांपायी डोलीत बसले. ती वर आली की खाली थांबली, आत गेली की बाहेर उभी राहिली, ते मी पाहिलं नाही, तिला विचारलंही नाही. तुम्हीही विचारू नका. संध्याकाळी मुक्कामावर सगळे एका पंगतीत जेवलो, आणि बारा माणसांमध्ये एकही जण मागं राहिलेला नव्हता.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा कुठं जायचं ठरत असेल, तर "नाही" म्हणायचं ते घरच्या ओट्यापाशीच म्हणा. पायथ्याशी पोचल्यावर ते फार महाग पडतं. आणि म्हणण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या जाऊबाईंनाही एकदा विचारा. कोण जाणे, त्याही तुमच्याच तोंडाकडे बघत असतील!