घड्याळाचे झाकण

घड्याळ दुरुस्तीला टाकले की घड्याळजी आतले हिरे काढून घेतो, असा एक समज आमच्या लहानपणी वसईच्या गावोगावी होता. तो कोणी पसरवला, ठाऊक नाही. परंतु तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ अशी अक्षरे छापलेली असत आणि ज्वेल म्हणजे रत्न एवढे इंग्रजी सर्वांनाच येत होते. मनगटावर १७ रत्ने मिरवणाऱ्या माणसाला ती परक्याच्या हाती सोपवताना धाकधूक वाटावी, हे स्वाभाविकच होते. शिवाय घड्याळजी पाठ करून बसणार, डोळ्याला भिंग लावणार आणि आपल्याला म्हणणार, “परवा या.” त्या दोन दिवसांत आत काय घडते, हे पाहणारा कोण?

आमचे वडील या समजाला बळी पडले. त्यांच्याकडे हातचावीचे एच.एम.टी. घड्याळ होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना सुरू झाला आणि पुढील दोन-अडीच दशके ‘घड्याळ’ म्हटले की आपल्याकडे हेच नाव पुढे येई. वडिलांनी ते १९७४ साली घेतले, पहाटेच्या गाडीने मुंबईला कामावर जाण्यासाठी. स्टेशनजवळ आमच्याच गावातल्या एका घड्याळजींचे टपरीवजा दुकान होते. दर चार-पाच वर्षांनी घड्याळ त्यांच्याकडे जाई. १९९६च्या सुमारास ते दिवसाला दहा-दहा मिनिटे मागे पडू लागले. घड्याळजी म्हणाले, “आतले तेल वाळले आहे, साफ करावे लागेल.” वडिलांच्या मनाने घेतले की मागल्या खेपेस याने हिरे काढले आणि आता उरलेले काढायला मागतो आहे. ते घड्याळ घेऊन घरी आले. त्यानंतर त्या दोघांत बोलणे म्हणून झाले नाही. दर रविवारी दोघेही एकाच देवळात, एकाच मिस्साला. परंतु बाहेर पडताना एक डाव्या दाराने, तर दुसरा उजव्या. हे वीसएक वर्षे चालले. २०१९ साली वडील गेले आणि कपाटातले ते बंद घड्याळ आमच्या वाट्याला आले.

वास्तविक ही रत्ने म्हणजे कृत्रिम माणके. चाकांच्या आसांची टोके धातूत फिरली तर धातू झिजतो. म्हणून टोकांखाली भोक पाडलेला गुळगुळीत कठीण खडा बसवतात. १७०४ साली लंडनमध्ये निकोलस फातियो आणि डेबोफ्र बंधू यांनी या युक्तीचे पेटंट घेतले. त्या काळी खडे खरे असत. पुढे १९०२ साली ओग्यूस्त व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीच्या उष्णतेत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली आणि घड्याळातला खडा कवडीमोल झाला. तो चोरून कोणाला काय मिळणार? आणि काढलाच, तर त्या जागचे चाक कलंडेल, घड्याळ मागे पडणार नाही, ते चालणारच नाही. हे आम्ही वडिलांना सांगून पाहिले होते. ते म्हणत, “तू आत पाहिलेस का?”

आत पाहण्यासाठी झाकण उघडावे लागते, आणि घराघरांत घड्याळांची नासाडी होते ती नेमकी इथे. सुरी, कात्री, ब्लेड, स्क्रू-ड्रायव्हर, प्रसंगी नेलकटरची पाती, जे हाताला लागेल ते लोक फटीत घालतात. वडिलांनीही एकदा भाजीची सुरी घेतली होती. आईने ती हातातून काढून घेतली. परंतु तोवर पट्ट्याच्या कानाजवळ एक तिरपा ओरखडा उमटला होता. तो अजून आहे.

हत्यार शोधण्याआधी झाकण पाहावे. कोणते हत्यार हवे, ते झाकणच सांगते. आम्ही भिंग घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की आपण घड्याळाचे तोंड दिवसातून शंभरदा पाहतो, पाठ कधीच पाहत नाही. सर्वसाधारणपणे झाकणे तीन तऱ्हांची. एक, डब्याच्या झाकणासारखे दाबून बसवलेले; याच्या कडेला कोठेतरी नखाएवढी खाच किंवा बारीकशी ओठी असते. दुसरे आट्यांचे, याच्या कडेवर सहा किंवा अधिक खाचा असतात, किंवा सगळी कडच पैलूदार असते. १९२६ साली रोलेक्सने ‘ऑयस्टर’ या नावाने काढलेले घड्याळ असेच आट्यांनी आवळलेले होते. पुढल्या वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीज ग्लाइत्झ ही पोहणारी इंग्लिश खाडीत उतरली, तेव्हा ते तिच्या गळ्यात होते. तिसरे झाकण चार बारीक स्क्रूंचे. याखेरीज काही घड्याळांना पाठीमागे झाकणच नसते. त्यांचे यंत्र काच काढून पुढून बाहेर येते. अशा घड्याळाच्या पाठीशी झटापट करणाऱ्याची कीव करावी तेवढी थोडी.

आट्यांच्या झाकणासाठी दोन साधने घरी ठेवण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे चिकट रबराचा चेंडू. तो झाकणावर दाबून उजवीकडून डावीकडे फिरवायचा. झाकण फार आवळलेले नसेल तर ते मुकाट्याने सुटते आणि ओरखड्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या मते आरंभ नेहमी चेंडूने करावा. तो हरला तर तीन खुंट्यांचा पाना घ्यावा. कारागिरांत तो जाक्सा या नावाने ओळखला जातो. त्याच्या खुंट्या बदलता येतात, गोल, चौकोनी, चपट्या. आणि यातच सारे आहे. चौकोनी खाचेत गोल खुंटी घातली तर ती निसटते आणि झाकणावर चंद्रकोर काढते. खुंट्या खाचांच्या तळापर्यंत टेकल्या पाहिजेत, तिन्हींवर सारखा भार पाहिजे, आणि घड्याळ हातात नव्हे, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पकडीत घट्ट धरलेले पाहिजे. बाजारात दोनच खुंट्यांचा स्वस्त पानाही मिळतो. सैल झाकणाला तो पुरतो. घट्ट झाकणावर तो घसरतो, आणि घसरलेले टोक बोटात शिरते. चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट आहे, ती परदेशी पुस्तकांत आढळत नाही. खारी हवा, घाम आणि चार महिन्यांचा पावसाळा यांमुळे झाकणाच्या फटीत कीट बसते, आणि ते वाळले की सरसासारखे धरते. झाकण निघत नाही म्हणून जोर वाढवण्यापूर्वी दात कोरायच्या काडीने ती फट सगळीकडून कोरून काढावी. अर्धे काम त्यातच होते.

वडिलांच्या घड्याळाचे झाकण दाबून बसवलेले होते. त्याला लागते ती झाकणाची सुरी: आखूड, रुंद पात्याची, जाड मुठीची. तिला सुरी म्हणायचे एवढेच. कापणे हे तिचे काम नव्हे. आम्ही घड्याळाच्या कडेला आणि कानांना चिकटपट्टी लावली, झाकण वर करून ते पकडीत बसवले आणि खाच शोधू लागलो. ती सापडायला पाव तास गेला. वडिलांनी सुरी लावली होती त्याच्या नेमक्या समोरच्या बाजूला ती होती, किटाने भरलेली. पात्याचे टोक खाचेत टेकवायचे, अंगठा पात्याच्या अगदी पुढे, घड्याळाच्या कडेला अडसरासारखा ठेवायचा, म्हणजे पाते निसटले तरी आत जाणार नाही. मग उचकटायचे नाही. किल्ली फिरवावी तसे पाते किंचित पिळायचे. ‘टक्’ असा आवाज आला.

वाचकहो, त्या झाकणाच्या आतल्या बाजूला चार ओळी होत्या. सुईने कोरल्यासारखी बारीक अक्षरे, प्रत्येक ओळीत एक महिना, एक साल आणि शेवटी एक आद्याक्षर. पहिली ओळ १९७८ची, नंतर १९८३, १९८७ आणि १९९१. जुने घड्याळजी घड्याळ साफ केले की आपली खूण झाकणाच्या आत कोरून ठेवत, ही रीत आम्ही ऐकून होतो. परंतु आमच्याच घरात, वीस-बावीस वर्षे कपाटात ती पडून आहे, याची कल्पना नव्हती. आणि १९९१नंतर ओळ नव्हती. तेल वाळले होते, हे खरेच होते.

खाली यंत्र होते. पुलावर कंपनीची अक्षरे, १७ ज्वेल्सचा उल्लेख आणि दिव्याखाली चमकणारे गुलाबी ठिपके. पाठीमागून सगळे १७ दिसत नाहीत. बरेचसे तबकडीच्या बाजूला किंवा इतर भागांच्या आड असतात. आम्हाला मोजता आले ते सहा. तोलचक्राच्या मधोमध एक, ओळीने चाकांवर बाकीचे. एकही घर रिकामे नव्हते.

आम्ही पुढे काही केले नाही. झाकण उघडणे ही एक गोष्ट आणि आत हात घालणे ही दुसरी. तोलचक्राची कमान केसाएवढी असते. फुंकर घालताना उडालेला तुषारही तिला गंज चढवू शकतो. क्वार्ट्झ घड्याळात कमान नसते, परंतु तिथे केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे एक वेटोळे असते. सेल काढताना चिमट्याचे टोक त्यावर ओढले गेले की तार तुटते आणि घड्याळ संपते. (पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ सायकोने टोकियोत विक्रीला आणले तो दिवस होता २५ डिसेंबर १९६९. जपानी लोकांना नाताळची सुटी नसते, हे त्यावरून कळते.) सेल बदलणे हे घरी करण्याजोगे काम आहे, मात्र चिमटा प्लॅस्टिकचा असावा, जुन्या सेलवरचा क्रमांक पाहून तोच नवा आणावा आणि संपलेला सेल त्याच घटकेला लहान मुलांच्या दृष्टीआड करावा. गिळलेला बटन-सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजू लागतो. मूल हसतेखेळते दिसले तरी थांबू नये, तडक इस्पितळ गाठावे.

झाकण लावण्यातही शहाणपण लागते, त्याकडे दुर्लक्ष होते. दाबाच्या झाकणाच्या कडेला एका ठिकाणी छोटा कट असतो. तो चावीच्या दांड्यावर यायला हवा. कट चुकवून झाकण दाबले तर दांडा वाकतो. अंगठ्यांनी बसले नाही तर दाबयंत्र वापरावे. परंतु त्याची खालची चकती घड्याळाच्या कडेला टेकली पाहिजे, काचेला नव्हे. फुगीर काच अशाने क्षणात तडकते. आट्यांच्या झाकणाखालचा रबरी वॉशर पुसून, सिलिकॉन ग्रीसचे बोट लावून परत ठेवावा. वाळून चिरलेला असेल तर बदलावा. आणि घरी उघडलेले घड्याळ घालून कोणी विहिरीत किंवा बावखलात उडी मारू नये, पाठीवर कितीही मीटर लिहिलेले असोत. पाण्याच्या दाबाची परीक्षा यंत्रावर झाल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

झाकण लावून आम्ही घड्याळ त्या घड्याळजींच्या घरी नेले. दुकान केव्हाच बंद झाले आहे. क्वार्ट्झ आले, मग मोबाइल आले आणि एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णयही सरकारने २०१६ साली घेतला. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, हात कापतो. कोणाचा मुलगा हे त्यांनी ओळखले. पाणी आले, चहा आला. आम्ही घड्याळ पुढे केले. त्यांनी भिंग डोळ्याला लावले, झाकणाच्या कडेवरून बोट फिरवले, ओरखड्यापाशी थबकले, पुढे गेले. सून म्हणाली, “बाबा, आता जमणार नाही तुम्हाला.” त्यांनी ते आमच्याकडे परत दिले आणि आम्हाला उघडायला सांगितले. आम्ही सुरी काढली, अंगठा अडसराला ठेवला, पाते पिळले.

आतल्या ओळींकडे ते बराच वेळ पाहत राहिले. वडिलांविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही, आम्हीही नाही. मग त्यांनी आमच्या हातातली सुरी मागून घेतली, पात्यावरून नख ओढून पाहिले आणि नापसंतीने मान हलवली. “धार फार आहे हिला,” ते म्हणाले. “दगडावर घासून मारून टाका. झाकणाच्या सुरीला धार नसावी.” सुनेने कपाटावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात चिमटे होते, खुंट्यांचा पाना होता, आणि एक सुरी, घासून घासून बोटाच्या पेराएवढी उरलेली. ती त्यांनी आमच्या हातावर ठेवली आणि तेलपाण्यासाठी विरारला कोणाकडे जायचे, ते एका कागदावर लिहून दिले.