हॉट रॉड, नगरी स्टाइल

मॉडिफाय केलेली गाडी दिसली की आपण काय बघतो? टायर, रंग, फार तर सायलेन्सरचा आवाज ऐकतो. काचेकडे बघतो कोण?

माझ्या आतेभावाला, म्हणजे दादाला, हॉट रॉडचं जाम वेड. अमेरिकेत १९३२ ची फोर्ड घ्यायची, छत कापून खाली आणायचं, आत दणकट इंजिन टाकायचं, असा तो फंडा. 'अमेरिकन ग्राफिटी' (१९७३) मधली पिवळी फोर्ड आठवतेय? तीच जात. आता नगरमध्ये (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर, पण आत्याच्या तोंडी अजून नगरच) तशी फोर्ड आणायची कुठून? जुनी जीप मात्र मिळते. गाव लष्कराचं. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे, १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय इथे. इथल्या पोरांना लोखंडाचं प्रेम जन्मजातच असावं, असा आपला माझा समज.

दादाने जीपच्या पुढच्या काचेची चौकट चार इंच कापून बुटकी करून घेतली. दिसायला सॉलिड! आणि तिथेच गाडं अडलं. त्या मापाची तयार काच कुठे मिळणार?

गाडीच्या बाजूच्या काचा बहुतेक टफन्ड असतात, तापवून झटकन गार केलेल्या. त्यांना नंतर कटर लावला की अख्ख्या काचेचा चुरा. पुढची काच लॅमिनेटेड. दोन काचा आणि मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर. एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाने १९०९ मध्ये अशा काचेचं पेटंट घेतलं. ती फुटली तरी तुकडे थराला चिकटून राहतात. शिवाय ती कापता येते. जुनी फोर्ड काय, जुनी जीप काय, दोघींची पुढची काच सपाट, म्हणून तर हा उद्योग जमतो.

लॅमिनेटेडचा भाव ऐकून दादा म्हणाला, "चाचा, साधीच टाका. गाडी शेतावरच फिरणार."

शेत पारनेरकडे. रस्त्यावर तशीही नेता येणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत, हे सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये सांगितलंय.

चाचांनी मापाची पट्टी खाली ठेवली. "शेतात खड्डे नसतात का? आणि साधी काच हवी तर फोटोफ्रेमवाल्याकडे जा ना. बरं, पुढे बसतं कोण?"

पुढे बसते दादाची चार वर्षांची पोर. बसते कसली, डॅशबोर्ड धरून उभीच असते. वहिनी तोवर गप्प होती. म्हणाली, "आपली खिडकी फुटली तेव्हा सुऱ्यासारखे तुकडे पडले होते. तसली काच लावणार असशील, तर ही त्या गाडीत पाय ठेवणार नाही." दादाने निमूटपणे नव्या सीट कव्हरवर काट मारली.

मग काम सुरू झालं. आधी पुठ्ठ्याचा फर्मा. तो चौकटीहून सगळीकडून किंचित लहान, कारण जीपची बॉडी पिळवटते आणि काच लोखंडाला टेकली की तडकते. फर्म्यावरून काचेच्या दोन्ही बाजूंना कटरची रेघ. हलका दाब दिला की दोन्ही काचा टक्कन सुटतात, मधलं प्लॅस्टिक मात्र सोडत नाही. म्हणून रेघेवर स्पिरिट ओतून क्षणभर पेटवायचं आणि मऊ पडलेल्या थरातून ब्लेड फिरवायचं (घरी ट्राय करू नका, प्लीज). कडा घासल्या. काचेभोवती रबराचं बीडिंग, त्याच्या खाचेत नायलॉनची दोरी, वर साबणाचं पाणी. चाचा आतून दोरी ओढत होते, दादा बाहेरून तळव्याने काच दाबत होता, आणि रबराची कड इंच इंच करत चौकटीवर चढत होती. मी फोटो काढायचे विसरून बघतच राहिले.

दोरीचं शेवटचं टोक निघालं. वहिनीने काचेवर बोटाने दोनदा टिचकी मारली. मग पोरीला उचललं आणि मागच्या बाकावर बसवलं.