एकच गुणपत्रिका, दोन न्याय

दोन्ही कॉलेजं म्हैसूरची, एकाच विद्यापीठाशी संलग्न. एकाने माझ्या मुलीचे कागद परत केले. दुसऱ्याने तेच कागद बघून त्याच दिवशी फी भरून घेतली. माझा संताप अजून गेलेला नाही.

आजारपणामुळे अकरावीत तिचं शिक्षण सुटलं, म्हणून बारावी एनआयओएसमधून केली. केंद्र सरकारने 1989 मध्ये सुरू केलेलं मुक्त विद्यालय ते. पाच विषय, त्यात भाषा, सगळं रीतसर.

पहिल्या कॉलेजातल्या क्लार्कने गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली. "हे रेग्युलर बोर्ड नाही. टीसी कुठाय?" मी प्रमाणपत्र पुढे केलं. एनआयओएस मायग्रेशन आणि टीसी एकाच कागदावर देतं, मथळ्यातच तसं छापलेलं असतं. "हे मायग्रेशन झालं. मुख्याध्यापकांच्या सहीचा टीसी आणा." मुक्त विद्यालयाला कुठला मुख्याध्यापक? मी मथळ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, समकक्षतेचं प्रमाणपत्र आणा. कुणाकडून, ते त्यांनाही सांगता येईना. कुठला नियम ते दाखवा, असं मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. प्राचार्यांची भेट मिळाली नाही. "आम्हाला नीट शिकलेली मुलं लागतात," हे वाक्य मुलीच्या तोंडावर बोललं गेलं. दुखणं अंगावर काढून, घरी बसून अभ्यास केलेल्या मुलीला!

कोणती मंडळं चालतात, कोणते विषय आणि कागद लागतात, हे प्रत्येक कॉलेजने प्रवेशाआधी फलकावर लावायला हवं. नकार द्यायचा तर लेखी द्यावा, नियम नमूद करून. पालकांनीही तो लेखीच मागावा. तोंडी नकाराविरुद्ध दाद कुठे मागणार?

तरी चाळणीच नको, असं मला म्हणवत नाही. याच गावातल्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम राज्याबाहेर खासगी संस्थांमार्फत चालले, आणि जून 2015 मध्ये यूजीसीने जाहीर केलं की 2012-13 नंतर त्याला मान्यता नाही. ती पुन्हा मिळाली 2018 मध्ये. मधल्या वर्षांत ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांच्या पदव्या टांगणीला लागल्या. ते आठवलं की वाटतं, तो क्लार्क धास्तावला असेल तर नवल नाही. खरं तर तपासणी आणखी कडक हवी. पण ती संस्थेची, आणि मुलांनी पैसे भरण्याआधी. यूजीसी आणि मंडळांनी करायचं काम प्रवेशाच्या खिडकीवर, एकेका मुलाला अडवून का व्हावं?

मुलगी म्हणते, "सोड ना आई, मिळालं ना ॲडमिशन." मिळालं खरं. पण तिला मानसशास्त्र हवं होतं. ते पहिल्या कॉलेजात होतं, दुसऱ्यात नाही.