किल्ली माझ्याकडे होती

मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. नक्की काय करतोस, असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी सांगतो, कुलूप लावतो. थट्टा वाटते त्यांना. पण खरंच, नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी काही दिवस आमच्याकडे 'कोड फ्रीज' असतो. अनेकजण मिळून लिहीत असलेल्या प्रोग्रामची नोंद 'गिट' ठेवतं. हे साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली केलं. रिलीजसाठी मूळ प्रोग्रामातून एक वेगळी ब्रँच काढायची आणि सर्व्हरवरच ती बंद करायची. मग कोणी थेट भर घालायला गेला की सर्व्हर ती नाकारतो. फक्त निवडक दुरुस्त्या आत जातात, त्याही किल्लीवाल्याने होकार दिला तर.

कारण साधं आहे. जे तपासलं तेच बाहेर जायला हवं. मागून घातलेली एक ओळ कोणीच तपासलेली नसते. लिनक्सच्या कर्नलचं बघा. नवीन गोष्टी घ्यायला दोन आठवडे, मग दार बंद. पुढे साधारण दर रविवारी एक 'रिलीज कँडिडेट', बहुधा सात-आठ, त्यांत दुरुस्त्याच. उशीर झालेल्याने पुढच्या खेपेची वाट पाहायची. मला ही शिस्त मनापासून पटते. अजूनही.

२०२२ साली आमचं अर्ज भरायचं एक ॲप निघायचं होतं. ब्रँच बंद होऊन चार दिवस झाले होते. रात्री घरी सहज अम्मीच्या नावाने अर्ज भरून पाहिला. आडनावाशिवाय तो पुढे सरकेना. अम्मीच्या रेशनकार्डावर एकच शब्द आहे.

"मेरा नाम इत्ताच है बाबा, आगे क्या लिखू?" ती म्हणाली.

सकाळी टीममधल्या एका मुलीने दुरुस्ती लिहूनही आणली. एका ओळीची. पण पावती, शोधयादी, सगळंच आडनावावर बांधलेलं. ती ओळ कुठे कुठे फुटेल, कोण सांगणार? आमचा नियम असा, की ॲप बंद पडत असेल, माहिती पुसली जात असेल किंवा चोरीला जात असेल, तरच कुलूप काढायचं. यातलं काहीच होत नव्हतं. मी नोंदीत 'पुढील आवृत्ती' असं लिहिलं.

खरी चूक आधीच झाली होती. चाचणीच्या यादीतली सगळी नावं तीन पदरी होती, आणि ती यादी मीच मंजूर केली होती. मी, जन्मभर अम्मीचं नाव फॉर्मवर लिहीत आलेला.

पुढची आवृत्ती नऊ आठवड्यांनी आली. तोवर लोकांनी आपापली वाट काढली होती. कोणी आडनावाच्या चौकटीत टिंब दिलं, कोणी तेच नाव दोनदा लिहिलं. अम्मीने मला न सांगताच मोहल्ल्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज भरला. तिथल्या पोराने तिच्या नावाच्या शेवटचं 'बी' तोडलं आणि आडनावात टाकलं.

ती पावती तिने रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्येच ठेवली आहे. दोन्ही कागदांवरची नावं जुळत नाहीत.