‘अरे’ आणि ‘साहेब’

मोठे व्हावे असे कोणाला वाटत नाही? आमच्या पहूरमध्येही प्रत्येक मुलाला तसेच वाटे. पहूर हे जळगाव-अजिंठा रस्त्यावरचे गाव. जामनेरहून पाचोऱ्याला जाणारी छोटी रेल्वेगाडी येथे थांबत असे. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती २०२० पर्यंत धावत होती. त्या गाडीने पाचोऱ्याला आणि तेथून मुंबईला जो गेला, तो मोठा झाला, असे आम्ही समजत असू.

मीही त्याच गाडीने गेलो. शिकलो. नोकरी मिळाली, बढती मिळाली. मोठ्या लोकांत उठबस सुरू झाली. त्यांच्यासारखे कपडे आणि त्यांच्यासारखे बोलणे मी शिकून घेतले. पण हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. लोक सलाम करत होते तो माझ्या खुर्चीला. एकदा मी आठ दिवस आजारी पडलो, तेव्हा कोणी साधी विचारपूसही केली नाही. गावी गेलो, तर तेथे निराळाच प्रकार. ‘अरे, केव्हा आलास?’ असे विचारणारे मित्र आता ‘या साहेब’ म्हणत खुर्ची पुढे करू लागले. त्या खुर्चीवर बसताना मला फार एकटे वाटले.

अशा वेळी मला भगवानदादांची आठवण होते. भगवान पालव हे गिरणी कामगाराचे पुत्र. १९५१ मध्ये त्यांनी ‘अलबेला’ हा चित्रपट काढला. त्याची गाणी राजेंद्रकृष्ण यांनी लिहिली व संगीत सी. रामचंद्र यांनी दिले. चित्रपट खूप चालला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला झाला, दारात सात मोटारी आल्या. पुढचे चित्रपट मात्र पडले. बंगला गेला, मोटारीही गेल्या. दादा पुन्हा दादरच्या चाळीत राहायला आले. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. बंगल्यावर गर्दी करणारे बहुतेक लोक चाळीकडे फिरकले नाहीत. सी. रामचंद्र आणि राजेंद्रकृष्ण मात्र चाळीतही त्यांना भेटायला येत राहिले.

मित्रांनो, तुम्ही जरूर मोठे व्हा. खूप शिका, चांगले घर बांधा. गरिबीत राहण्यात काही भूषण नाही. पण तुम्हाला एकेरी हाक मारणारी माणसे जपा. ‘साहेब’ म्हणणारी माणसे पदाबरोबर येतात आणि पदाबरोबर जातात.

आता गावी गेलो की मी खुर्ची बाजूला सारतो आणि सर्वांबरोबर सतरंजीवर बसतो. दोन-चार भेटींनंतर एका मित्राच्या तोंडून सहज ‘अरे’ निघून गेले. तेवढा आनंद मला कोणत्याही बढतीने दिला नव्हता.